रोध उतरला, पण कशामुळे?

वीज वाहत असलेल्या धातूजवळ चुंबक आणला की धातूचा रोध बदलतो. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञांनी, हे लोखंडात दाखवलं त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. बिनचुंबकी धातूंत तो सहसा वाढतो. २०१५च्या सुमारास मात्र काही नव्या स्फटिकांबद्दल उलटी बातमी येऊ लागली. चुंबकीय क्षेत्र प्रवाहाला समांतर ठेवलं की यांचा रोध उतरतो, आणि त्यामागे कणभौतिकीतला एक गाजलेला नियमभंग आहे, असा दावा झाला. मोजमापात हात मुरलेली माणसं म्हणाली, आधी तारा कुठे जोडल्या आहेत ते दाखवा.

हा वाद मला मनापासून मोलाचा वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांना काहीतरी नवं मोजायला लावलं. इथे तो मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातला आहे. भाची पुण्यात सैद्धान्तिक भौतिकीत पीएचडी करते. मामाची नोकरी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत द्रव हेलियमच्या टाक्यांशेजारी मायक्रोव्होल्ट मोजण्यात गेली. माणसं कल्पित आहेत, पुरावे खरे आहेत.

भाची: मामा, सोडियम-बिस्मथचा आलेख पाहिलास ना? प्रिन्स्टनच्या गटाचा, २०१५चा. क्षेत्र वाढेल तसा रोध खाली येतो. क्षेत्र प्रवाहापासून थोडं कललं की परिणाम झपाट्याने ओसरतो. याचं दुसरं कारण देऊ शकशील तू?

मामा: कारणाचं मागाहून बघू. रोध खाली येतो म्हणतेस, तर मोजलंय काय त्यांनी?

भाची: रोधच की.

मामा: नाही गं. दोन टोकांना प्रवाह दिला, मधल्या दोन तारांमधलं व्होल्टेज वाचलं आणि भागाकार केला. नमुन्याच्या अख्ख्या रुंदीत प्रवाह सारखा पसरला असेल तरच त्या भागाकाराला रोध म्हणता येतं. पसरला होता का, हे कोणी तपासलं?

भाची: त्याकडे येते मी. पण आधी मला सिद्धान्त नीट मांडू दे, नाहीतर तू मला तारांमध्येच अडकवून ठेवशील.

मामा: मांड.

भाची: साध्या धातूत क्षेत्र आडवं असलं की लॉरेन्झ बलामुळे इलेक्ट्रॉन वळतात आणि रोध वाढतो. क्षेत्र आणि प्रवाह एकाच दिशेत असतील तर त्या दिशेच्या वेगावर लॉरेन्झ बल काहीच करू शकत नाही. म्हणजे रोध हलायला नको, आणि हललाच तर किंचित वाढावा. चुंबकी अशुद्धी असेल तर तो घटू शकतो, पण सोडियम-बिस्मथ काही चुंबकी नाही.

मामा: इथपर्यंत कबूल.

भाची: आता वाइल अर्धधातू घे. भरलेला पट्टा आणि रिकामा पट्टा यांच्यात अर्धवाहकात अंतर असतं. इथे ते दोन पट्टे ठरावीक बिंदूंवर एकमेकांना भिडतात, आणि त्या बिंदूंजवळ इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगाबरोबर सरळ रेषेत वाढते. म्हणजे वस्तुमान नसल्यासारखी. अशा वस्तुमानरहित कणाचं समीकरण हर्मन वाइल यांनी १९२९ साली लिहिलं होतं. तसा मूलकण अजून हाती लागलेला नाही, पण २०१५ साली टॅन्टलम आर्सेनाइडच्या स्फटिकात ते समीकरण पाळणारे इलेक्ट्रॉन सापडले. प्रिन्स्टन आणि बीजिंग, दोन्हीकडे. हे बिंदू कायम जोडीने येतात, एक उजवा आणि एक डावा. इलेक्ट्रॉनची फिरकी त्याच्या गतीच्या दिशेला असेल तर उजवा, उलट असेल तर डावा. तुझ्या सोडियम-बिस्मथमध्ये उजवा आणि डावा एकाच जागी असतात. त्याला डिरॅक अर्धधातू म्हणतात, आणि क्षेत्र लावलं की ती जोडी सुटी होते.

मामा: माझं कधी झालं सोडियम-बिस्मथ? बरं, पुढे.

भाची: जोरदार क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा लँडाऊ पातळ्यांमध्ये विभागल्या जातात. वाइलच्या बाबतीत त्यातली तळची पातळी विलक्षण असते. उजव्या बिंदूच्या त्या पातळीतले सगळे इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या दिशेनेच जातात आणि डाव्या बिंदूचे सगळे उलट दिशेने. आपल्याच पातळीत मागे फिरायला जागाच नसते. आता त्याच दिशेत विद्युतक्षेत्रही लाव. एका बिंदूजवळची इलेक्ट्रॉनसंख्या वाढत जाते आणि दुसऱ्याजवळची तेवढीच घटते. उजव्यांची आणि डाव्यांची संख्या वेगवेगळी कायम राहावी, हा नियम तिथे मोडतो. हीच कायरल अनॉमली. बिंदू संवेगाच्या हिशेबात एकमेकांपासून लांब असतात, म्हणून अशुद्धीवर आपटून उजव्याचा डावा व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ जास्तीचा प्रवाह टिकतो, आणि रोध उतरतो.

मामा: हे नाव कणभौतिकीतून उचललंय.

भाची: उचललंय कशाला, तिथूनच आलंय. उदासीन पायॉनचं दोन फोटॉनांत विघटन होतं. उजवे-डावे वेगळे राखणाऱ्या जुन्या सममितीच्या हिशेबाने ते जवळजवळ होताच कामा नये. १९६९ साली स्टीफन अ‍ॅडलर यांनी, आणि स्वतंत्रपणे जॉन बेल आणि रोमन जॅकिव यांनी दाखवलं की पुंज सिद्धान्तात ती सममिती टिकतच नाही. मग १९८३ साली नील्सन आणि निनोमिया यांनी लिहिलं की हाच परिणाम स्फटिकातही मिळायला हवा, आणि समांतर क्षेत्रात वहन वाढेल. वाइल अर्धधातू सापडायच्या बत्तीस वर्षं आधी! इतकं जुनं भाकीत असं खरं ठरतं तेव्हा मला अंगावर काटा येतो.

मामा: काटा येऊ दे, चांगलंच आहे. पण माझ्या नमुन्यात इलेक्ट्रॉन कुठून येत नाहीत आणि कुठे जातही नाहीत. एका तारेने आत येतात, दुसरीने बाहेर पडतात. मग कसला नियम मोडला?

भाची: एकूण विद्युतभाराचा नियम कुठेच मोडत नाही, पायॉनमध्येही नाही. उजव्यांची वेगळी नोंद आणि डाव्यांची वेगळी नोंद, एवढंच टिकत नाही. स्फटिकात तर हे दिसतंही. दोन्ही बिंदू खाली खोलवर एकाच पट्ट्याने जोडलेले असतात आणि त्या वाटेने इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जातात. बिंदू जोडीनेच का असतात, तेही नील्सन आणि निनोमिया यांनीच १९८१ साली सिद्ध केलं होतं.

मामा: म्हणजे मध्ये वाट आहे. तुझे डावे-उजवे एकाच पट्ट्याच्या दोन जागा झाल्या. मग पायॉनच्या पोटात जे घडतं तेच इथे घडतं, असं छातीठोकपणे का सांगायचं? गणित सारखं आहे, एवढं म्हण.

भाची: गणित नुसतं सारखं नाही, मामा. एका बिंदूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन किती वेगाने जातात, त्याचा दर विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणाकारावर ठरतो. पुढचा गुणक फक्त इलेक्ट्रॉनच्या भाराने आणि प्लांकच्या स्थिरांकाने बनलेला असतो. स्फटिक कुठला, त्यात इलेक्ट्रॉनचा वेग किती, याला तिथे शिरकावच नाही.

मामा: तो दर कोणी मोजलाय? मोजतात तो प्रवाह. प्रवाह म्हणजे तुझा तो वैश्विक दर गुणिले उजव्याचा डावा व्हायला लागणारा वेळ. हा वेळ अशुद्धीवर ठरतो, नमुन्यागणिक बदलतो, आणि तो बहुतेक वेळा याच आलेखातून काढतात. ज्या वेळेच्या आधारे मोजमाप आणि सिद्धान्त जुळतात, तो वेळही त्याच मोजमापातून आला असेल तर जुळण्याला किती किंमत द्यायची?

हा मामाचा सर्वांत भारी मुद्दा आहे, आणि मला वाटतं त्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. समीकरण सुंदर असलं की प्रवाहाच्या वक्राला ते जुळतंय हे पाहून मन शांत होतं. पण वक्र क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो, एवढ्यावरून कारण ठरत नाही. क्षेत्राच्या वर्गाबरोबर चढणारे परिणाम धातूंमध्ये कितीतरी आहेत.

मामा: आता माझी बाजू ऐक. हे स्फटिक फार शुद्ध आणि त्यातले इलेक्ट्रॉन फार चपळ. प्रिन्स्टनच्याच गटाने कॅडमियम आर्सेनाइडमध्ये ५ केल्विनला नव्वद लाखांपर्यंत गतिशीलता मोजली, चौरस सेंटिमीटर दर व्होल्ट-सेकंद या एककात. खोलीच्या तापमानाला सिलिकॉनमध्ये ती दीड हजाराच्या आत असते. इलेक्ट्रॉन इतका चपळ असला की जरा क्षेत्र लावताच तो गोल गोल फिरू लागतो आणि आडवं वहन कोसळतं. क्षेत्र दुप्पट केलं तर आडवं वहन चौथाईवर येतं. क्षेत्राच्या दिशेतलं वहन मात्र तसंच राहतं.

भाची: म्हणजे दोन दिशांत प्रचंड फरक पडतो.

मामा: आणि प्रवाह देणारी तार जर टोकाच्या मधोमध बारीकशा ठिपक्यावर जोडली असेल, तर तिथून निघालेला प्रवाह पसरतच नाही. क्षेत्राच्या रेषेत अरुंद झोत होऊन सरळ जातो. व्होल्टेजच्या तारा असतात कडेला. नदी मध्यावरून जोरात वाहतेय आणि तू काठावरच्या डबक्यात काठी रोवून म्हणतेस की पाण्याला ओढच नाही. कडेला प्रवाह उरला नाही म्हणून व्होल्टेज पडलं, त्याला तू घटलेला रोध म्हणालीस. हे काही कालचं ज्ञान नाही. पिपर्ड यांनी धातूंच्या चुंबकरोधावर १९८९ साली पुस्तक लिहिलं, त्यात हा झोत सविस्तर आहे.

भाची: ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी २०१६ साली टॅन्टलम फॉस्फाइडवर हेच दाखवलं. ते मी नाकारत नाही.

मामा: मग? तारांच्या जागा बदलल्या की घट बदलते. पदार्थाचा गुणधर्म तारेच्या जागेवर ठरत असेल तर तो पदार्थाचा कसला?

भाची: पण प्रिन्स्टनच्या गटाने २०१५ सालीच आणखी एक गोष्ट केली होती. प्रवाहाच्या तारा बदलून प्रवाहाची दिशा ९० अंशांनी फिरवली. रोधाची घट नव्या दिशेच्या मागे गेली. स्फटिकाच्या कुठल्या ठरावीक अक्षाला ती चिकटलेली असती तर तिथेच राहिली असती.

मामा: झोतही मागे जाईल की. झोत तर क्षेत्राच्याच दिशेने जातो. तुझी ही चाचणी स्फटिकाच्या अक्षाला बाद करते, झोताला नाही.

भाची: आणि म्हणूनच २०१८ची चाचणी.

मामा: तिच्याबद्दल मला त्या गटाचा खरोखर आदर आहे.

२०१८च्या त्या चाचणीसाठीच मी हा लेख लिहायला घेतला, म्हणून इथे जरा थांबतो. अनॉमलीचा दावा ज्यांनी केला होता, त्याच प्रिन्स्टनच्या गटाने आपला दावा पाडू शकेल अशी मांडणी केली. पातळ चपट्या नमुन्यात प्रवाह मुद्दाम मधोमध, लहानशा संपर्कातून सोडला, म्हणजे झोताला तयार व्हायची पूर्ण मुभा दिली. मग व्होल्टेज दोन जागी मोजलं. एक जोडी नमुन्याच्या मध्यरेषेवर, दुसरी कडेला. सगळा खेळ झोताचा असेल तर मध्यरेषेवर प्रवाह दाटतो आणि तिथलं व्होल्टेज वाढतं, कडेला ते पडतं, दोन आलेखांची तोंडं विरुद्ध दिशांना होतात. पदार्थाचा रोधच खरोखर उतरत असेल तर दोन्हीकडे आलेख खाली यायला हवा. एका मोजमापात दोन्ही शक्यतांना हरायची जागा होती.

सोडियम-बिस्मथ आणि गॅडोलिनियम-प्लॅटिनम-बिस्मथ या दोघांत मध्यरेषा आणि कड, दोन्हीकडे व्होल्टेज उतरलं. टॅन्टलम आर्सेनाइड आणि नायोबियम फॉस्फाइड हे खरे वाइल अर्धधातू, त्यांची कीर्ती मोठी, पण तिथे झोताचंच राज्य निघालं. वाइल बिंदू त्यांच्यात आहेत, प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून केलेल्या मोजमापांनी ते निर्विवाद दाखवले आहेत. फक्त त्यांच्या घटलेल्या रोधाला अनॉमलीची साक्ष म्हणून उभं करता येत नाही.

भाची: कारणही समजतं. झोत एका क्षेत्राला सुरू होतो आणि तळच्या लँडाऊ पातळीचं राज्य दुसऱ्या क्षेत्राला. सोडियम-बिस्मथमध्ये तळची पातळी आधी हाती येते, झोत मागाहून. टॅन्टलम आर्सेनाइडमध्ये उलटं, अनॉमली दिसायच्या आतच झोत सगळं झाकून टाकतो. म्हणजे तिथे अनॉमली नाही असंही सिद्ध होत नाही.

मामा: सिद्ध होत नाही, बरोबर. पण आहे असंही त्या आलेखावरून म्हणता येत नाही. तेवढं तू मान्य कर, मी सोडियम-बिस्मथ मान्य करतो.

भाची: केलं. मग झालं की आपलं!

मामा: कुठलं व्हायला? झोत नाही, एवढं ठरलं. अनॉमली आहे, हे अजून ठरायचंय. २०१५ साली गोस्वामी, पिक्सली आणि दास सर्मा यांनी दाखवलं की कुठल्याही त्रिमितीय धातूत, क्षेत्र पुरेसं जोरदार असेल आणि अशुद्धी विशिष्ट जातीची असेल, तर समांतर क्षेत्रात रोध घटू शकतो. वाइल बिंदू असायचीही गरज नाही.

भाची: त्यांचं म्हणणं मला तुझ्याइतकं विरोधी वाटत नाही. ते म्हणतात, जोरदार क्षेत्रात साध्या धातूची तळची पातळीही एका मितीची होते, पुढे जाणारे आणि मागे येणारे इलेक्ट्रॉन दोन गट होतात, आणि अनॉमली तिथेही लागू पडते. म्हणजे अनॉमली वाइलपेक्षा व्यापक निघाली.

मामा: मग रोध घटणं ही वाइल बिंदूंची ओळख राहिली नाही. तुला दोन्ही हवंय. अनॉमलीही सिद्ध व्हावी आणि तिने वाइल बिंदूही सिद्ध करावेत.

भाची: म्हणून एकाच पुराव्यावर कोणी थांबत नाही. गॅडोलिनियम-प्लॅटिनम-बिस्मथच बघ. क्षेत्र नसताना त्यात वाइल बिंदूच नाहीत, क्षेत्र लावल्यावर पट्टे फुटून ते तयार होतात. शिवाय सपाट हॉल परिणाम आहे. क्षेत्र नमुन्याच्या प्रतलातच फिरवलं तरी आडवं व्होल्टेज मिळतं. वाइल अर्धधातूंसाठी त्याचं गणित २०१७ साली मांडणाऱ्यांत आयआयटी खरगपूरचे लोक होते.

मामा: सपाट हॉल परिणाम साध्या लोहचुंबकातही मिळतो. आणि झोतसुद्धा आडवं व्होल्टेज देतो. त्याला मी दुय्यम पुरावा म्हणेन.

भाची: तुझ्या हिशेबात पहिल्या दर्जाचा पुरावा कुठला मग?

मामा: जो आधी लिहून ठेवलाय. तुला टंगस्टन डायटेल्युराइड आठवतो? २०१४. आडव्या क्षेत्रात, साडेचार केल्विन आणि १४.७ टेस्लाला रोध ४,५२,७०० टक्के वाढला. क्षेत्र ६० टेस्लापर्यंत नेलं तर एक कोटी तीस लाख टक्के, आणि तरी थांबायचं नाव नाही. आकडा बघून सगळे अवाक झाले. त्या वाढीला वाइल बिंदूंसारखं काही लागलंच नाही. इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, जवळजवळ सारख्या संख्येने होत्या, हे साधं कारण पुरलं. आकडा किती मोठा आहे यावरून कारण किती खोल आहे ते कळत नाही.

भाची: हे मान्य. आणि आधी लिहून ठेवण्याबद्दल म्हणशील तर ब्रूकहेवनची गोष्ट तुला आवडेल.

ती गोष्ट वाचकांनाही माहीत असायला हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत हा एकच विचार दोन ठिकाणी तपासला गेला. तिथल्या संशोधकांनी २०१६ साली झिर्कोनियम पेंटाटेल्युराइडच्या स्फटिकात समांतर क्षेत्रातली घट दाखवली. त्याच आवारातल्या मोठ्या त्वरकात जड अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळतात, क्वार्कांचा तप्त रस तयार होतो, आणि निसटत्या टकरीत क्षणभर अफाट चुंबकीय क्षेत्र उठतं. तिथेही अनॉमलीमुळे विद्युतभार क्षेत्राच्या दिशेत वेगळे व्हावेत अशी अपेक्षा होती. २०१८ साली रुथेनियम-९६ आणि झिर्कोनियम-९६ यांच्या टकरी घडवल्या. वस्तुमान सारखं, पण रुथेनियममध्ये प्रोटॉन चारने जास्त, म्हणून क्षेत्र जास्त, म्हणून परिणामही जास्त दिसायला हवा. विश्लेषण करणाऱ्यांपासून कुठली नोंद कुठल्या केंद्रकाची हे लपवलं होतं, आणि कशाला पुरावा मानायचं ते निकष आधीच ठरवले होते. २०२१ साली निकाल आला. त्या निकषांवर परिणाम दिसला नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याची वाट पाहिली होती, त्यांनीच तो जाहीर केला.

भाची: मला त्याचं वाईट वाटलं होतं.

मामा: मला त्या लोकांचा हेवा वाटला. स्फटिकाच्या प्रयोगात कोणी नमुना झाकून मोजतो का? दहा स्फटिकांतला सर्वांत देखणा वक्र छापतात.

भाची: सगळे नाही. आणि स्फटिकात एक सोय आहे जी टकरीत नाही. इथे क्षेत्र, तापमान, कोन, तारांची जागा, सगळं आपल्या हातात असतं. पाहिजे तेव्हा परत मोजता येतं. म्हणूनच मला अजून वाटतं की १९८३चं भाकीत खरं ठरलं ते याच पदार्थांत.

मामा: दोन पदार्थांत, असं म्हण.

भाची: दोन पदार्थांत. आमच्या विभागात गॅडोलिनियम-प्लॅटिनम-बिस्मथचे नमुने मोजणार आहेत, पुढच्या महिन्यात. येशील?

मामा: येईन. पण नमुना थंड करायच्या आधी मला तीन जोड्या हव्यात, एक मध्यरेषेवर आणि दोन दोन्ही कडांवर. क्षेत्र आणि प्रवाह यांच्यातला कोन अंशाच्या भागात ठाऊक हवा. आणि झोत किती टेस्लाला सुरू होईल ते तू गणिताने काढून वहीत लिहायचंस, तारीख घालून.

भाची: लिहिते. आणि तिन्ही जोड्यांवर रोध उतरला तर?

मामा: तर तापमान २ केल्विनपासून वर नेत जाऊ आणि उजव्याचा डावा व्हायला लागणारा वेळ कसा बदलतो ते पाहू. तो तुला आधी सांगता येईल का, ते मला हवंय.